तीन डब्यांतला फरक

गिटारचं पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी, एवढंच मला माहीत होतं आणि माझ्या कामाला तेवढं पुरत होतं. लांबी, रुंदी, उंची, वर बटणं किती येतात, वायर कुठून निघते, हे कळलं की पिशवी बेतता येते. आत काय आहे हे शिंप्याने विचारायचं नसतं. ब्लाउज शिवताना बाईच्या मनात काय आहे हे तरी कुठे विचारतो आपण?

मी वाद्यांच्या पिशव्या शिवतो. आमचं घर म्हैसुरात किती पिढ्यांपासून आहे ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. घरात मराठी बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मिसळलंय की कुठला टाका काढायचा आणि कुठला ठेवायचा ते कळत नाही. दुसऱ्याच्या दुकानात काज-बटण करत सुरुवात केली, मग भाड्याची मशीन, मग स्वतःची, मग हे दुकान. तयार कपडे आले तेव्हा गल्लीतल्या चौघांनी दुकानं बंद केली. मी शर्ट सोडून वीणेची गवसणी शिवायला घेतली. या गावात दर दोन घरांआड एक वीणा नाहीतर व्हायोलिन निघतं. मृदंगाची झाली, व्हायोलिनची झाली, आणि मग पोरं गिटार घेऊन यायला लागली.

ज्याची ही गोष्ट तो गिटारवाला मात्र पोरगा नव्हता. चाळिशीचा असेल. पुण्याहून नोकरीसाठी इकडे आला, आठवडाभर कंप्युटरवर काम आणि शनिवारी हॉटेलात वाजवणं. मराठी इतकी शुद्ध की त्याच्यासमोर मी स्वतःचं वाक्य दोनदा तपासतो. मी ‘उगाच’च्या जागी ‘सुम्ने’ म्हटलं की त्याच्या ओठाचा एक कोपरा हलतो. ते मला दिसतं. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला साहेब म्हणतो, आणि दोघांनाही त्यात किती मान आहे ते माहीत आहे.

त्या दिवशी त्याने एक फळी आणून माझ्या कापणीच्या टेबलावर ठेवली. फळीवर तीन पेडलं: एक हिरवं, एक तांबडं आणि एक बिनरंगाचं, नुसत्या ॲल्युमिनियमचं. सोबत टिफिनएवढा लहान ॲम्प्लिफायर. सगळं मिळून एका पिशवीत बसवायचं होतं. मी टेप लावता लावता विचारलं, ही तिन्ही काय करतात? म्हणाला, तिन्ही ओव्हरड्राइव्ह, आवाज जरा खरखरीत आणि जाड करणारी. मग मी साधाच प्रश्न केला की काम एकच असेल तर तीन कशाला.

तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही माप घ्या. यातला फरक शिंप्याच्या कानाला नाही कळायचा.”

दुकानात एक गिऱ्हाईक पँट आखूड करून घ्यायला बसलं होतं, ते हसलं. व्हायोलिन शिकवणाऱ्या टीचर गवसणी न्यायला आल्या होत्या. त्यांना मराठी येत नाही, म्हणून त्यांनी काय झालं ते विचारलं. त्याने तेच वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. मग त्याही हसल्या. म्हणजे एकच टोमणा मी पाच मिनिटांत दोन भाषांत ऐकला.

माझा राग दुधासारखा आहे, वर येतो तेव्हा बघायला वेळ मिळत नाही. मी टेप टेबलावर आपटली. म्हटलं, सामान आठ दिवस इथेच ठेवा. पुढच्या रविवारी मी ट्रायल रूमच्या पडद्यामागे उभा राहतो, तुम्ही वाजवा, कुठली डबी ते मी सांगतो. सांगितलं तर हे शब्द इथेच, टीचरसमोर, परत घ्यायचे.

“आणि नाही सांगता आलं तर?”

“पिशवी फुकट. कापडासकट.”

तो लगेच हो म्हणाला. बाजारात समोरचा लगेच हो म्हणाला की समजावं, आपण चुकीचा भाव बोललो.

संध्याकाळी दुकान अर्धं ओढून मी प्रयोगाला बसलो. एका कॉलेजवाल्याने मापासाठी आणून ठेवलेली आणि पुन्हा कधी न्यायला न आलेली एक गिटार कपाटावर पडून होती. ती काढली. गिटारची वायर पेडलमध्ये, पेडलची ॲम्प्लिफायरमध्ये. मला वाजवता येत नाही. तारा मोकळ्या छेडता येतात, तेवढं पुरे. पेडल न दाबता आवाज स्वच्छ, नव्या पितळी भांड्यावर नख मारल्यासारखा. हिरवं दाबलं, आवाज जाड झाला, घसा बसलेल्या माणसाने जोर लावून बोलावं तसा, आणि लवकर विझेना. तांबडं दाबलं, तसाच. ॲल्युमिनियमचं दाबलं, तसाच.

बायको मशीनवर होती. ती म्हणाली, “तिन्ही एकच आहेत हो. सुम्ने कापड घालवाल.”

मी बटणांकडे पाहिलं. प्रत्येक डबीवर तीन गोल मुठी: एक आवाज लहानमोठा करायची, एक तीक्ष्ण-बोथट करायची आणि एक खरखर किती हवी ती. फिरवून पाहिल्यावर एक गोष्ट लगेच ध्यानात आली. ज्या डबीचा आवाज जरा मोठा ठेवला, तीच चांगली वाटायची. ही लबाडी मला पाठ आहे. कापडवाले भारी थान दिव्याखाली उलगडतात आणि हलकं थान कोपऱ्यात दाखवतात. सकाळीच त्याला फोन करून अट घातली की रविवारी तिन्हींचा आवाज सारखा मोठा हवा. तो जरा थांबून म्हणाला, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, कापडवाल्यांनी.

नुसतं ऐकून भागणार नाही हे दोन दिवसांत कळलं. कशासाठी ऐकायचं ते माहीत नसेल तर कान म्हणजे नुसतं उघडं भोक. मंडी मोहल्ल्यात लग्नाच्या हॉलांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना सगळे अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी आपल्या वेळेची किंमत सांगितली. मी इकडे तिकडे पाहिलं. टेबलावर गोल काचेचं एक जुनं यंत्र होतं, आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारं, वर धूळ इतकी की बोटाने नाव लिहावं. मी म्हटलं, याला चांगलं जाड कव्हर शिवून देतो, काचेसमोर पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीसह. तासाभराच्या घासाघिशीनंतर कव्हर आणि वर एक चष्म्याची पिशवी, यावर ठरलं.

अज्जांनी मागचे चार स्क्रू काढून हिरवी डबी उघडली. मला वाटलं होतं आत काहीतरी वजनदार निघेल. आत तळहाताच्या निम्म्याएवढी एक पट्टी, तिच्यावर मुगाएवढे तुकडे, आणि बाकी मोकळी जागा. गिऱ्हाइकाचं सामान परक्याकडे उघडताना मला जरा कसंसं झालं, पण ते मी गिळलं.

ते बोलत होते कन्नडमध्ये, मी मनातल्या मनात शिवणकामाच्या भाषेत फिरवून घेत होतो. तारेतून येणारी वीज अगदी बारीक. पट्टीवरची एक काळी चकती तिला कितीतरी पट मोठी करते. पण डबीत बॅटरी नऊ व्होल्टची. मोठं होण्याला जागा तेवढीच. लाटेला त्या जागेत मावता येईनासं केलं की तिचा माथा दबतो आणि दबलेला माथा कानाला खरखर म्हणून ऐकू येतो. पूर्वी लोक यासाठी मोठा काचनळ्यांचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात लावायचे आणि शेजारी भांडायला यायचे. ही डबी तेच काम घराच्या आवाजात करते.

मग त्यांनी यंत्र चालू केलं. पेडलशिवाय काचेवर गोल गोल लाट होती, साडीच्या काठाला कंगोरे असतात तशी सारखी. हिरवी डबी मध्ये आली आणि प्रत्येक कंगोऱ्याचा माथा चपटा झाला. पण कडा गोल होत्या. कात्री लागल्यासारखं दिसत नव्हतं, दुमडून वरून इस्त्री फिरवल्यासारखं दिसत होतं. डबीत दोन इवलेसे काचेचे मणी एकमेकांकडे पाठ करून बसवलेले होते. एक वरच्या माथ्याला आवरतो, एक खालच्या. ते अशा ठिकाणी बसवलेत की चकती स्वतःचं काम जिथे पुन्हा तपासते तिथेच ते तिचा हात धरतात, म्हणून ती हळुवार आवरते. अज्जांनी स्वतःच्या मांडणीवरून दुसरीच एक डबी काढून लावली, त्यात तेच मणी शेवटी बसवलेले, उरलेलं सगळं सरळ जमिनीत सोडणारे. काचेवर माथा सपाट, कोपरे धारदार. ही कात्रीच होती. म्हणाले, याला ओव्हरड्राइव्ह म्हणत नाहीत, डिस्टॉर्शन म्हणतात.

मला बाजारात जाऊन कोणाला तरी हे सांगावंसं वाटत होतं. इतकी वर्षं मी कापत आणि दुमडत आलो, आणि आवाजालाही दुमड असते हे कोणी सांगितलं नव्हतं.

हिरवीची दुसरी खोड अशी की ती दुमडण्याआधी जाड आवाज थोडा कमी करते आणि नंतर बारीकही कमी करते. दोन्हीकडून आत घेतल्यावर जे राहतं ते मधलं, आणि ते फुगून पुढे येतं, जरा नाकात बोलल्यासारखं. एकटं ऐकलं तर बरं वाटत नाही. पण चार वाद्यांच्या गर्दीत खाली जाड गिटार आणि वर झांजा, मधली जागा रिकामी असते. हिरवी नेमकी तिथे बसते. तांबडीत मणी तीन होते, वरच्या बाजूला दोन आणि खालच्या बाजूला एक. काचेवर लाट वर उंच, खाली बुटकी. अशी कॉलर कोणी माझ्याकडे शिवून आणली तर मी उसवायला लावीन. अज्जा म्हणाले, कानाला हेच आवडतं, जुन्या काचनळ्या अशाच वाकड्या दबायच्या. आणि ॲल्युमिनियमच्या डबीत आवाज दोन वाटांनी जात होता. एका वाटेवर दबत होता, दुसऱ्या वाटेने जसाच्या तसा येत होता आणि शेवटी दोन्ही एकत्र होत होते. वरचं कापड भरजरी आणि आत साधं सुती अस्तर, दोन्ही एका टिपेत. ती डबी बघून मला पहिल्यांदा वाटलं की हे काम कोणी केलं त्याच्याशी बोलायला हवं.

आता कशासाठी ऐकायचं ते ठरलं: हिरवीत नाक, तांबडीत खालचा जाडपणा आणि वाकडी खरखर, ॲल्युमिनियममध्ये खरखरीच्या आत चाललेली स्वच्छ तार. रोज जेवणाआधी मी डोळे मिटून तारा छेडायचो, बायको हाताने बटण दाबायची. तिला हा पोरखेळ वाटत होता, पण कापड तिच्याही घरचं होतं. शुक्रवारी मी सहापैकी पाच वेळा बरोबर सांगितलं. सातव्यांदा तिने आपणहून दाबलं.

रविवारी सकाळी दोघं आले. टीचरना मीच बोलावून घेतलं होतं. ज्या तेव्हा हसल्या त्यांनी हेही पाहायला हवं. त्याने प्रामाणिकपणे तिन्ही आवाज सारखे लावले, टीचरनी ऐकून हो म्हटलं. नऊ वेळा वाजवायचं ठरलं. मी पडद्यामागे गेलो.

ट्रायल रूममध्ये मी फोमचे ताव उभे करून ठेवतो. हे मी विसरलो होतो असं नाही, पण फोम आवाज गिळतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याने पहिल्यांदा वाजवलं आणि मला नाक, खरखर, तार, काहीच सापडलं नाही. गोधडीत तोंड घालून कोणी बोलावं तसं सगळं. मी तांबडी म्हटलं. चूक. बाहेर बायकोची मशीन थांबलेली मला ऐकू आली.

दुसऱ्यांदा मात्र एक ऐकू आलं. वाजवण्याआधी, माझ्या पायाशी, पडद्याच्या पलीकडे: टक्. फळी पडद्याला लागूनच होती. हिरवीची दाबपट्टी रुंद आणि मऊ, ती दाबली तर आवाज होत नाही. तांबडीचं बटण दबकं वाजतं. ॲल्युमिनियमचं बटण धातूचं, ते नाणं आपटल्यासारखं वाजतं. आठ दिवस त्या डब्यांसोबत राहून मला हे माहीत होतं, पण आपल्याला माहीत आहे हे माहीत नव्हतं.

मी ॲल्युमिनियम म्हटलं. बरोबर. पुढे तांबडी, हिरवी, हिरवी, ॲल्युमिनियम. मध्ये मध्ये मी मुद्दाम थांबत होतो, विचार करतोय असं वाटावं म्हणून. उरलेली आठही बरोबर आली.

बाहेर आलो तर तो उभा होता. कुरकूर नाही, कारण नाही. त्याने टीचरकडे वळून आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगितलं की मी चुकलो, मास्तरांच्या कानाला फरक कळतो. मागितला भाव घासाघीस न करता कोणी दिला की विकणाऱ्यालाच आपल्या मालाची शंका येते. मला तेच झालं. आनंद व्हायला हवा होता, आणि मी फोमचा एक तुकडा हातात घेऊन उभा होतो.

म्हटलं, आता तुम्ही आत जा.

तो हसत गेला. मी त्याची गिटार घेऊन मोकळ्या तारा छेडल्या, आणि प्रत्येक वेळी बटणावर फोमचा तुकडा ठेवून अंगठ्याने दाबलं. टीचर माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं हे मला समजलं.

त्याची नऊपैकी तीन बरोबर आली. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीन येतात.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा त्याच्या शुद्ध मराठीइतका नीटनेटका नव्हता. या डब्यांवर त्याचा किती जीव होता ते मला तेव्हा दिसलं. “तुम्ही वाजवता म्हणून असं झालं,” एवढं बोलून त्याने गिटार गळ्यात घातली, भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि म्हणाला, दाबा. टीचरनी फोम माझ्या हातून घेतला. त्यांनाच दाबायचं होतं.

पहिला आघात होऊन तार थरथरत असतानाच तो बोलला: हिरवी. मग ॲल्युमिनियम. मग तांबडी. एकदा टीचरनी खोडी म्हणून काहीच दाबलं नाही, तर त्याने हात पुन्हा उचललासुद्धा नाही: “काही नाही.” नऊच्या नऊ.

त्याने गिटार गळ्यातून काढली. मग त्याने, जणू स्वतःलाच, सांगितलं की तो ऐकतच नव्हता. हिरवीवर जोरात मारलं तरी ती तेवढाच आवाज देते, हाताखाली मऊ लागते, दाबलं की दबते. ॲल्युमिनियमवर हळू मारलं तर हळूच येतं, जोरात मारलं तर हाताला उलट धक्का बसल्यासारखं वाटतं, कारण ती स्वच्छ वाट काही आवरत नाही. तांबडी त्या दोघींच्या मधे, तार सोडताना जरा अडते. लाट किती दुमडायची ते त्याचं मनगट ठरवतं, म्हणून फरक मनगटाला कळतो. बाहेर उभ्या माणसाच्या कानापर्यंत येईस्तो त्यातलं बरंचसं सांडलेलं असतं.

मी गिटार मागून घेतली आणि डोळे मिटून छेडलं, टीचर फोम ठेवूनच दाबत होत्या. सहापैकी पाच. शुक्रवारचा माझा हिशेब मला आत्ता लागला. सरावातही माझा हातच सांगत होता, कानाचं मी सुम्ने कौतुक केलं. टीचरना मी हे कन्नडमध्ये सांगितलं, तर म्हणाल्या की व्हायोलिनच्या गजाचंही असंच आहे. शिकायला येणाऱ्यांचे आईवडील विचारतात, महाग गजाने काय वेगळं ऐकू येतं? ऐकू काही येत नाही, पण त्यांच्या दंडाला संध्याकाळी कळतं.

मग मी बटणांची टकटक सांगून टाकली. टीचरना कळलंच होतं, त्यांनी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, हा विचार त्यात होता, नाही असं नाही.

तो आधी चिडला, मग हसला, मग म्हणाला, “म्हणजे मी शब्द परत घेतले ते परत द्या. आणि पिशवी फुकट.”

म्हटलं, साहेब, कानाने तुम्हीही हरलात. दोघं हरल्यावर पैज कोण जिंकलं? तो म्हणाला, लबाडी तुम्ही केलीत. मी म्हटलं, डबीतून जे ऐकू आलं ते ऐकलं, बटण डबीचंच आहे. हेच टीचरना कन्नडमध्ये सांगितलं, तर त्याही तोंड फिरवून हसल्या. कापड फुकट हवं होतं त्याला, मग मजुरी, मग निम्मी मजुरी. मला पैशाचं पडलं नव्हतं. मला ते वाक्य मोडून हवं होतं. तो म्हणाला, शिंप्याच्या कानाला कळत नाही हे तर खरंच ठरलं. मी म्हटलं, शिंपी हा शब्द त्यातून काढा, मग बोलू. तो म्हणाला, मग काय म्हणू? मी म्हटलं, जे झालं ते म्हणा.

त्याने थोडा विचार केला. “यातला फरक कानाला नाही कळत, हाताला कळतो. कोणाच्याही.”

‘कोणाच्याही’ त्याने आपणहून घातलं. ते मी मागितलं नव्हतं. माझा राग पूर्ण उतरला असं मी म्हणणार नाही, अजून तो दुकानात शिरला की एक ठिणगी उडते. पण तो शब्द न मागता मिळाला होता, आणि न मागता मिळालेल्याचं काहीतरी द्यावं लागतं. मजुरी आणि कापडाचे पैसे मी पूर्ण घेतले. चेन मात्र साधी काढून पितळेची जाड लावून दिली, माझ्याकडून. टीचर म्हणाल्या, एवढी भारी कशाला, साधीही चालली असती. मी म्हटलं, नाही, हीच.